कुर्डुवाडीचा फलाट आणि चार्जिंगची गन

१. इलेक्ट्रिक गाड्यांच्या फास्ट चार्जिंगविषयी लिहायचे, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला सुरुवात रुळांपासून करावीशी वाटते. प्रश्न जुनाच आहे : दोन व्यवस्था जिथे भेटतात तिथे त्या जुळल्या नाहीत, तर भार कोण उचलतो?

२. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीचे रूळ साडेपाच फूट रुंद होते. १८७० मध्ये, लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, खर्च वाचवण्यासाठी मीटरगेज स्वीकारले गेले. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली. तिचे रूळ अवघे अडीच फुटांचे. प्रत्येक निर्णयामागे त्याचा त्याचा हिशेब होता.

३. माझी आजी बार्शीची. पुण्याला यायचे म्हणजे कुर्डुवाडीला उतरायचे, कडेवर मूल आणि हातात बोचके घेऊन मोठ्या गाडीची वाट पाहायची. मालाचेही तसेच : एका वाघिणीतून उतरवा, दुसरीत चढवा. दोन रुंदींमधला फरक हमालांच्या पाठीवर पडत असे.

४. आता चार्जरकडे वळू. आपल्या घरात येणारी वीज एसी, बॅटरी साठवते ती डीसी. घरी चार्ज करताना हे रूपांतर गाडीतला छोटा चार्जर करतो, म्हणून रात्र जाते. फास्ट चार्जिंग स्टेशनात रूपांतराचे अवजड यंत्र बाहेर उभे असते आणि डीसी वीज थेट बॅटरीकडे जाते.

५. परंतु गन लावताच वीज वाहू लागत नाही. आधी संभाषण होते. गाडी आपल्याला किती व्होल्ट आणि किती अँपिअर चालतील ते सांगते. यंत्र आपली मर्यादा सांगते. गन कुलूपबंद होते, विजेची गळती नाही ना हे तपासले जाते. मगच प्रवाह सुरू होतो, आणि पुढेही मागणी क्षणोक्षणी गाडीच ठरवते.

६. म्हणूनच एकाच यंत्रावर दोन गाड्यांचा वेग वेगळा असतो. यंत्र ६० किलोवॉटचे असले तरी ३० किलोवॉट घेणारी गाडी ३०च घेणार. साधारण ८० टक्क्यांनंतर बॅटरीच्या रक्षणासाठी वेग उतरतो. ५०० व्होल्टच्या यंत्राला ८०० व्होल्टची गाडी लावली आणि गाडीत व्होल्टेज वाढवण्याची सोय नसली, तर चार्जिंग सुरूच होत नाही.

७. शिवाय भाषा अनेक. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी ‘चाडेमो’ संघटना उभी केली. त्या नावात ‘चहा घेणार का?’ अशा अर्थाच्या जपानी वाक्यावरचा श्लेष आहे. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात सीसीएस-२ पत्करले. चीनने जीबी/टी घडवले. टेस्लाने आपली गन २०२२ मध्ये इतरांसाठी खुली केली. चाडेमो आणि जीबी/टी ‘कॅन’ नावाच्या पद्धतीने बोलतात, सीसीएस वेगळ्याच. त्यामुळे नुसता प्लगचा आकार बदलून भागत नाही.

८. आपल्याकडे २०१७ मध्ये ‘भारत डीसी-००१’ आले : कमाल १५ किलोवॉट, ४८ आणि ७२ व्होल्टच्या गाड्यांसाठी. पुढे मोठ्या बॅटरीच्या गाड्या आल्या आणि चारचाकींत सीसीएस-२ रुळले. गेल्या वर्षी पुण्यात एका स्टेशनावर एक टॅक्सीचालक काका भेटले. तिन्ही यंत्रे चालू, एक रिकामेही. तरी ते साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावून बसले होते. म्हणाले, “मशीनला काही झालेलं नाही, माझीच गाडी जुनी.” दुपारची सगळी भाडी गेली होती. मला कुर्डुवाडीचा फलाट आठवला.

९. रुळांची रुंदी एक करण्याची व्यापक मोहीम रेल्वेने १९९२ मध्ये हाती घेतली. पहिल्या गाडीनंतर १३९ वर्षांनी. एक प्रमाण ठरणे हिताचेच. सीसीएस-२ रुळले हेही बरेच झाले. पण कोणते प्रमाण जिंकले, एवढेच लिहून इतिहास पुरा होत नाही. हरलेल्या प्रमाणाची गाडी हप्त्यावर घेतलेल्या माणसाचे काय झाले, तेही नोंदवायला हवे. जुनी गन नव्या यंत्राशेजारी आणखी काही वर्षे ठेवायची की नाही, हा निर्णय अजून आपल्या हातात आहे.