मानी कारवान

कारवान या शिकारी कुत्र्याशी ओळख करून घ्यायची असेल तर पहिल्याच भेटीत त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नका. तो मान वळवेल, दोन पावलं बाजूला होईल आणि तुम्ही तिथे नाहीच अशा थाटात उभा राहील. परक्याचा स्पर्श त्याला खपत नाही. घरच्यांशीही लाडीगोडी बेताचीच. मालक रानातून आला की एकदा हाताला नाक लावायचं, शेपूट हलवायची, की झालं स्वागत.

लातूर, सोलापूर, सांगलीकडच्या वाड्यावस्त्यांवर तो कारवान; कर्नाटकात मुधोळला त्याला मुधोळचं नाव मिळालं. कानाला, शेपटीला लांब रेशमी केस असलेली त्याची भावंडं म्हणजे पश्मी. व्यापारी तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज मध्य आशिया, अरबस्तानाकडून दख्खनेत आले असं मानतात. तिकडच्या सालुकी कुत्र्याशेजारी उभा केला तर चेहऱ्यावरूनच नातं कळतं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची निगुतीने पैदास केली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला पिल्लं भेट दिली. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला, २०१६ मध्ये त्याची पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात दाखल झाली. एवढं असूनही त्याला खरं जगवलं ते मेंढपाळांनी आणि कोरडवाहू शेतकऱ्यांनी, भाकरी नि ताकावर. हे श्रेय त्यांना मिळालंच पाहिजे.

त्याचा भरवसा नाकापेक्षा डोळ्यांवर. बांधावर उभा असताना बघा: पुढचा एक पाय अधांतरी, कान मागे दुमडलेले, नजर पार पलीकडच्या तुरीत. तिथे काय हललं ते आपल्याला कळायच्या आत तो निघालेला असतो. भरधाव असताना एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा पोटाखाली गोळा होऊन आणि एकदा पुढेमागे ताणून. त्या क्षणी हाक मारून उपयोग नाही. ऐकणं हा त्याचा गुण नव्हेच. सशामागे धावायला जन्मलेल्या या गड्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने थांबवली, आणि ते योग्यच झालं. पळण्याची भूक मात्र तशीच आहे. त्याला दिवसभर साखळीला बांधणं हा सरळ अन्याय आहे. कुंपण असलेलं मोकळं रान रोज द्या, मग घरी तो तासन्‌तास गुपचूप पडून राहतो.

शहरातले पाहुणे त्याला पाहून हळहळतात, ‘खायला घालत नाही का हो?’ शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हीच त्याची तब्येत. दया येऊन त्याला लठ्ठ केलंत तर पाय दुखावतील. जेवल्यावर लगेच पळू देऊ नका. छाती खोल असल्याने पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. अंगावर चरबी नाही, त्यामुळे पौषातल्या थंडीत तो गोणपाटावर गोल गोल फिरतो, नाक शेपटीखाली खुपसतो आणि तरी कुडकुडतो. जुनी घोंगडी द्या. भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगा, याच्या अंगातून काही औषधं उशिरा उतरतात. पट्टा रुंद घ्या, कारण डोकं मानेपेक्षा फारसं मोठं नसतं आणि अरुंद पट्ट्यातून तो सहज निसटतो.

पिल्लू घ्यायचंच असेल तर फोटोवर भाळू नका. वेगाच्या हव्यासापायी ग्रेहाउंडशी केलेले संकर कारवान म्हणून विकले जातात. पाळणाऱ्याच्या गोठ्यावर जा, आई-बाप दोघांनाही पाहा, आईला मोकळं धावताना बघा, आणि मगच पैशांचं बोला.