काराशोकचा सण

नॉर्वे देशाच्या उत्तर टोकाकडे, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, काराशोक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील हिवाळा मोठा कडक. १८८६ सालच्या पहिल्याच दिवशी येथील पारा शून्याखाली ५१.४ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. अशा गावी ६ फेब्रुवारीस जो प्रवासी पोहोचतो, त्याच्या डोळ्यांत भरतात ते शुभ्र बर्फावर फुललेले रंग. निळ्या कापडाचे, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचे अंगरखे घालून आबालवृद्ध घराबाहेर पडलेले असतात. या पोशाखास ‘गाक्ती’ म्हणतात. जाणत्या माणसास त्याच्या घडणीवरून नेसणाऱ्याचा मुलूखही ओळखता येतो.

हा सामी लोकांचा राष्ट्रीय दिन होय. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व रशिया या चार देशांत हे लोक विखुरलेले आहेत. १९१७ साली याच तारखेस सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे सामी त्रोन्हेम शहरी प्रथमच एका सभेत एकत्र आले. १९९३ पासून त्या आठवणीचा सण झाला.

ध्वज चढतो. त्यावर सूर्य आणि चंद्र यांचे मिळून एक वर्तुळ असते. मग मुले आपल्या भाषेत राष्ट्रगीत म्हणतात. हे गीत १९०६ साली इसाक साबा नावाच्या शिक्षकाने प्रसिद्ध केले. शिक्षकाने ते लिहावे हे विशेषच. कारण त्या काळी शाळांतून सामी भाषेला थारा नव्हता.

गीत चालू असता प्रवाशाने मुलांकडे नव्हे, मागे उभ्या असलेल्या वृद्धांकडे पाहावे. त्यांच्यातील कित्येकांना लहानपणी घरापासून दूर वसतिगृहात राहून, न समजणाऱ्या भाषेत धडे गिरवावे लागले. आपल्या मुलांच्या वाट्याला तरी हे येऊ नये, म्हणून अनेक आईबापांनी, विशेषतः समुद्रकिनाऱ्याकडे, घरातही सामी बोलणे सोडले. तेथे आजीला येणारी भाषा आईला येत नाही, आणि नात ती शाळेत शिकते! १९९७ साली राजे हाराल्ड यांनी सामी संसदेपुढे या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. ती संसद याच गावी आहे.

संध्याकाळी तंबूत चूल पेटते आणि कोणी वृद्ध ‘योइक’ आळवू लागतो. योइक एखाद्या माणसाविषयी गात नाहीत. त्या माणसालाच गातात, असे सामी म्हणतात. शब्द थोडे, सूर पुनःपुन्हा फिरून येणारे. ऐकणारा समेची वाट पाहत असतो, तोच गाणारा मध्येच थांबतो आणि रेनडियरच्या मांसाचा वाफाळता रस्सा वाढण्यास आरंभ होतो.