हळद, साबण आणि फेरीबोट

पुणतांब्याच्या माणसाला कुठल्याच वाहनाचं नवल वाटू नये. चांगदेवांची समाधी आमच्याच गावात. ते वाघावर बसून निघाले आणि समोरून ज्ञानेश्वर भावंडांसह भिंतीवर बसून आले, ही गोष्ट आम्ही सगळ्या चुलत भावंडांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली. म्हणून गाडी रस्त्यात बंद पडली की आजीचा शेरा ठरलेला असे : "त्यांनी भिंत चालवली, तुमच्याच्यानं ही पत्र्याची पेटी चालंना!"

मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये आली खरी, पण आमच्या भागातल्या घराघरांत पोचायला तिला बरीच वर्षं लागली. तोवर उसाचं पेमेंट झालं की कुणीतरी श्रीरामपूरहून किंवा नगरहून जुनी गाडी घेऊन येई. जाड पत्रा, पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पुढे तिघं, मागे मोजायचं नाही. चालवणारे दादा एकटे, पण गाडी नेणं हे सगळ्या घराचं काम. थोरल्यानं उतरून धक्का द्यायचा, मधल्यानं चाकामागे दगड लावायचा, काकूनं पाण्याचा कॅन मांडीवर धरायचा. धाकट्यानं गप्प बसायचं. हे काम सगळ्यांत अवघड.

बिघाडांवरचे उपाय स्वयंपाकघरातलेच. रेडिएटर झिरपू लागला की त्यात मूठभर हळद टाकायची. ती बारीक भोकांत जाऊन बसे. पेट्रोलची टाकी गळाली तर कपडे धुवायचा साबण मळून चीर बुजवायची, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी आचके देऊन थांबायची. मग पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाशेजारच्या त्या छोट्या पंपावर, ओलं फडकं गुंडाळून बाभळीखाली बसायचं. आजची मुलं गाडीचं बॉनेट उघडत नाहीत; उघडून तरी काय, आत प्लास्टिकचं झाकण. आमच्यातल्या प्रत्येकाला मात्र कार्ब्युरेटरमधला कचरा तोंडानं फुंकून काढल्याची चव आठवते.

पंक्चरचं कारण बहुधा बैलाच्या पत्रीचा खिळा. कारखान्याचा सीझन सुरू झाला की रस्त्यावर बैलगाड्यांची रांग, आणि रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या. पावसाळ्यात गाडी शिवारात नेली तर काळ्या मातीत रुतणार हे ठरलेलं. मग वस्तीवरची बैलजोडी आणून टोचन. बैल ओढताहेत आणि दादा आत बसून रुबाबात स्टिअरिंग धरताहेत, हे दृश्य गावानं पुष्कळदा पाहिलं. रेल्वे फाटकात बंद पडण्याची भीती मोठी. मनमाडकडून गाडी यायची वेळ झाली की फाटकापाशी दादांचा आवाज आपोआप बारीक व्हायचा.

असल्या माणसाला आम्ही कोकणात नेलं, आणि तेही गाडी बोटीत घालून.

२००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. त्याआधी दापोलीकडून गुहागरला गाडीनं जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा. दाभोळला उभं राहून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडचं गाव दिसायचं, पण गाठता यायचं नाही. आम्ही भोरवरून वरंध घाट उतरलो. वाघजाईपाशी इंजिन थंड होईस्तोवर कांदाभजी खाल्ली. भजीतल्या कांद्याकडे बघून दादांनी तो कोणत्या भागातला असेल यावर भाष्य केलं. पुढे महाड, खेड, दापोली करत दाभोळला पोचलो.

धक्क्याजवळची आदिलशाही मशीद बघायला कुणाचं लक्षच नव्हतं. ओहोटी होती, लोखंडी फळी बरीच खाली उतरलेली, आणि बोटीवरचा पोरगा सांगतोय : गाडी उलटी चढवा. दादा उतरले, उताराचा अंदाज घेतला, परत बसले. आम्ही सवयीनं दगड शोधायला धावलो. गाडी चढली. मग पोरगा म्हणाला, "गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा."

तिथून पुढची काही मिनिटं दादांना सहन झाली नाहीत. गाडी पुढे जातेय आणि आपण काहीच करत नाही, असं त्यांच्या आयुष्यात टोचन लावल्यावरही झालं नव्हतं. त्यांनी टायर दाबून पाहिले, बॉनेट उघडून बंद केलं, बोटीच्या इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला आणि "एक सिलिंडर मारत नाही" असं निदानही केलं. आजीनं पुलावरून गंगेत टाकते तसं खाडीत नाणं टाकलं. ही गोदावरी नव्हे, हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

तो दौरा आमच्या घराला इतका लागू पडला की पुढे वेश्वी-बागमांडला आणि तवसाळ-जयगडही झालं. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब दिसले, तेव्हा दादांना फार बरं वाटलं. बंद पडणं फक्त आपल्याच नशिबी नाही. आता रेवस-रेडी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल होणार आहेत. धोपाव्याच्या आणि जयगडच्या लोकांची सोय होईल, रुग्ण वेळेत पोचतील. आमच्यासारख्या हौशी घाटावरच्यांनी त्यात हळहळण्याचं कारण नाही.

बोटीवर एमएच-१७ पाटी बघून लोक विचारत, "हे कुठलं?" आम्ही "शिर्डीजवळचं" म्हणायचो. १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांनी शहरांकडे जाणारं दूध आणि भाजीपाला थांबवला, त्या संपाची हाक आमच्या गावातून निघाली होती. त्यानंतरच्या हिवाळ्यात जयगडच्या बोटीवर एकानं विचारलं, "संपवालं पुणतांबा का?" दादांना अखेर बोटीवर काम सापडलं. त्यांनी त्या माणसाला कर्जमाफीपासून हमीभावापर्यंत सगळं समजावायला घेतलं. पलीकडे फळी उघडली, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि दादा अजून कांद्याच्या उत्पादनखर्चाशीच होते.