दीड तासाचं नागपूर

‘नागपूर? बापरे, केवढं लांब!’ मुंबईत हे ऐकून माझे कान किटलेत. माझं उत्तरही ठरलेलं. ‘लांब कसलं, दीड तास!’

खोटं नाहीये ते. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर. त्यातही विमान पूर्ण वेगात असतं जेमतेम पाऊण तास. बाकीचा वेळ चढण्यात, उतरण्यात आणि मुंबईच्या डोक्यावर घिरट्या घालण्यात जातो. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. मग काय, बसा खालची खाडी बघत!

पण मागच्या वर्षी एका रात्री सव्वाअकराला आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखतंय, हॉस्पिटलमध्ये नेतोय. मी लॅपटॉप उघडला. शेवटचं विमान गेलेलं. रात्रीच्या गाड्याही सुटलेल्या. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, पण एकटीनं रात्रभर गाडी चालवायची हिंमत नव्हती. पहाटेचं तिकीट काढलं (किंमत विचारू नका!) आणि एअरपोर्टवर जाऊन बसले. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत मला बाबांचीच गोष्ट आठवली.

बाबा सोनेगावजवळ वाढले. त्यांच्या लहानपणी तिथे मध्यरात्री विमानं उतरायची. 1949 मध्ये रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं निघायची आणि नागपुरात भेटायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली की जो तो आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत! विमानांत प्रवासीही असायचे, तेही इथेच विमान बदलायचे. नागपूरच का? नकाशा बघा. दिल्ली साधारण 855 किलोमीटर, चेन्नई 910, कोलकाता 985. चौघांनाही त्यातल्या त्यात सोयीचं. झिरो माइलच्या खांबाचा आम्हाला एवढा अभिमान आहे तो उगाच नाही.

पुढे ही सेवा बंद पडली. आजही रात्री गच्चीवर झोपलं की खूप उंचावरून जाणारे लाल दिवे दिसतात. बहुतेक सगळे दुसरीकडेच निघालेले.

म्हणजे बघा, त्या काळी आजोबांना मुंबईहून रात्रीच निघता आलं असतं. मी मात्र हातात स्मार्टफोन घेऊन बोर्डिंगची वाट बघत होते. दर वीस मिनिटांनी आईला मेसेज. ‘काय म्हणाले डॉक्टर?’ तिचं उत्तर यायला जो वेळ लागायचा, तो कुठल्या टाइमटेबलमध्ये छापलेला नसतो.

सकाळी साडेनऊला रामदासपेठेत पोचले. घड्याळानं सव्वादहा तास. अँजिओप्लास्टी झाली होती. आई बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपली होती, पर्स पोटाशी धरून.

बाबांनी डोळे उघडले.

‘काहून आली बाप्पा एवढ्या घाईनं? किती वेळ लागला?’

‘दीड तास,’ मी म्हटलं.

‘मंग ठीक आहे,’ म्हणाले, आणि पुन्हा झोपले.