कडी लावून अंघोळ

गेले अडीच महिने इकडे फिरकले नाही. दोघा-तिघांनी निरोप पाठवून "बाई, तब्येत बरी आहे ना?" असंही विचारलं. तब्येत ठणठणीत आहे. घरात बाथरूमचं काम काढलं होतं, एवढंच. ज्यांनी राहत्या घरात कधी काम काढलं आहे, त्यांना या 'एवढंच'चा अर्थ बरोबर कळेल. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. त्यात 'बाथरूम पाहावं फोडून' हेही घालायला माझी हरकत नाही.

नाशिकमधली आमची इमारत १९८८ सालची. बाथरूम सात फूट बाय पाच फूट. खाली मोझॅकच्या फरश्या, भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढऱ्या ग्लेज टाइल्स आणि त्यावर ऑइलपेंट. त्या काळी सगळ्यांकडे असंच असायचं आणि ते छानही वाटायचं. दिसायला जुनं झालं म्हणून मी ते कधीच फोडलं नसतं. पण २०२३ च्या पावसाळ्यात हे त्याच मोझॅकवर साबणाच्या पाण्यावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, वॉकर, मग काठी, असं सगळं क्रमाक्रमाने झालं. माणूस पुन्हा चालू लागला ही देवाची कृपा. पण घरात एक नवा नियम आला: बाबांनी अंघोळीला जाताना आतून कडी लावायची नाही.

नियम योग्यच होता. हे काही बोललेही नाहीत. फक्त अंघोळ करताना नाट्यगीतं म्हणायची यांची सवय होती, ती बंद झाली. दार नुसतं लोटलेलं असेल तर माणूस मोकळेपणाने गात नाही, हे मला पन्नास वर्षांच्या संसारानंतर कळलं. घरात आपण सहा माणसं. एकट्याने, कुणी बघत नाही या भरवशावर दहा मिनिटं काढावीत अशी जागा ती एवढीच. तीही गेली की माणूस म्हातारा होतो. वयाने तो आधीच झालेला असतो, ती गोष्ट वेगळी.

म्हणून मुलगा जेव्हा म्हणाला, "आई, बाथरूम नवं करून घेऊ," तेव्हा माझ्यापुरता प्रश्न एकच होता. यांना पुन्हा कडी लावता येईल का?

बाकीच्यांचे प्रश्न वेगळे होते. सूनबाईने मोबाइलवर पन्नासेक फोटो जमवले होते. लेकीने बंगळूरहून आणखी तीस पाठवले. सगळे सुंदर, हॉटेलासारखे. जमीन आणि भिंत एकाच पांढऱ्या संगमरवरासारख्या टाइलची, चार फूट बाय दोन फुटांची एकेक टाइल आणि आरशासारखी चकाकी. पुढच्या पिढीला ते बाथरूम वीस वर्षं वापरायचं आहे, तेव्हा त्यांच्या आवडीलाही मान हवाच. आम्ही सगळेच दुकानात गेलो. ह्यांनाही काठीसकट नेलं.

दुकानातला मुलगा मोठा हुशार होता. ग्लॉसी, मॅट, कार्व्हिंग, शुगर फिनिश असे शब्द तोंडात खडीसाखरेसारखे घोळवत होता. एका कोपऱ्यात निळ्या-करड्या नक्षीच्या टाइल्स होत्या. "काकू, हा लेटेस्ट मोरोक्कन पॅटर्न." मला हसूच आलं. तसल्याच नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या मी लहानपणी जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत पाहिल्या आहेत. मुंबईत तर भारत टाइल्स या स्वदेशी कारखान्याने १९२२ पासून असल्या फरश्या बनवल्या. तेव्हा फॅशनचं फार मनावर घेऊ नये. ती फिरून आपल्या अंगणात येतेच.

आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात. माझ्या वयाच्या वाचकांना हे नाव वेगळ्या कारणाने आठवेल. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीचं धरण फुटलं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. त्याच गावाच्या आसपास आज शेकडो भट्ट्या आहेत आणि देशभराच्या न्हाणीघरांतलं पाणी अडवायचं काम तिथल्या टाइल्स करतात. असो, विषयांतर झालं. जुनी खोड.

मी त्या मुलाला म्हटलं, "मला टाइलची मागची बाजू दाखव." तो चकित झाला. पण टाइल जाणून घ्यायची तर ती पाठीकडून, हे मला आमच्या मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलं होतं. मागच्या बाजूवर थोडं पाणी टाकायचं. भिंतीची सिरॅमिक टाइल ते पाणी बघता बघता पिऊन टाकते, कारण ती आतून सच्छिद्र असते. आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त पाणी ती शोषते. व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे जास्त उष्णतेत भाजून जवळजवळ काचेसारखी घट्ट झालेली. ती अर्ध्या टक्क्याच्या वर पाणी पीत नाही, थेंब तसाच बसून राहतो. जमिनीला व्हिट्रिफाइड आणि भिंतीला साधी सिरॅमिक चालते. भिंतीवर कुणी चालत नाही, त्यामुळे तिथे उगीच जास्त पैसे घालायचं कारण नाही.

मग मुद्द्याचा प्रश्न: घसरण्याचा. टाइल किती घसरडी आहे याला आकडा असतो, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. जर्मन पद्धतीत एका उतरत्या फळीवर टाइल्स बसवतात, त्यावर तेल टाकतात आणि बूट घातलेला माणूस चालवतात. फळी हळूहळू तिरपी करत नेतात. किती तिरपी होईपर्यंत पाय टिकला त्यावरून आर ९ ते आर १३ असे दर्जे ठरतात. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. पण आपण काही बूट घालून तेलात अंघोळ करत नाही! अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यांची चाचणी वेगळी असते आणि तिचे दर्जे ए, बी, सी असे असतात. त्यात सी सर्वात पकडीचा. दुकानातल्या मुलाला आर माहीत होता, ए-बी-सी माहीत नव्हतं. त्याने मालकांना विचारलं, मालकांनी कंपनीला फोन लावला आणि पंधरा मिनिटांत उत्तर आलं. विचारलं की मिळतं, हे मी चौतीस वर्षं मुलांना सांगत आले.

तरी कागदावरच्या आकड्यावर माझा पूर्ण भरवसा नव्हता. मी एक तांब्या पाणी आणि साबण मागितला. तीन टाइल्स जमिनीवर ठेवायला लावल्या, ह्यांना खुर्चीवर बसवलं, चप्पल काढायला सांगितली आणि म्हटलं, "अहो, पाय घासून बघा." पहिली ती आरशासारखी. पाय सर्रकन पुढे गेला. बसलेले असूनही यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. सूनबाईने ते पाहिलं आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला. मला काही बोलावंच लागलं नाही. तिसरी टाइल मॅट, किंचित खरखरीत, पावसाळी ढगाच्या रंगाची. पाय जागच्या जागी राहिला. आणखी खरखरीतही मिळतात, पण त्यांत मळ अडकून बसतो आणि घासता घासता कंबर जाते.

आकाराचंही सांगते, कारण हे मला फार पटलं. जमिनीला एक फूट बाय एक फुटाची टाइल घेतली. सात बाय पाचच्या खोलीत त्या पस्तीस लागतात. त्यांच्यामधल्या सांध्यांची लांबी मोजली तर अठ्ठावन्न फूट भरते. चार बाय दोनच्या मोठ्या टाइलने ती जेमतेम एकोणीस फूट झाली असती. सांधे जास्त तेवढी पायाला अडण जास्त. शिवाय चारही बाजूंनी जाळीकडे उतार द्यायचा तर लहान टाइल वळते, मोठी कापावी लागते. सांधे काळे पडतील ही सूनबाईची शंका रास्त होती. त्यासाठी सिमेंटऐवजी इपॉक्सीचं ग्राउट भरलं. महाग पडतं आणि घट्ट व्हायच्या आत टाइलवरून पुसून घ्यावं लागतं, पण पाणी शोषत नाही. भिंतीला मात्र तिने निवडलेली मोठी पांढरी चकचकीत टाइलच लावली आणि ती खरोखर देखणी दिसते.

जमीन करडी आणि भिंत पांढरी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. सगळंच पांढरं असेल तर जमीन कुठे संपते आणि कमोड कुठे सुरू होतो हे वयस्कर डोळ्यांना पटकन उमगत नाही. रंगात फरक असला की पाऊल नेमकं पडतं. फार गडद रंगही घेतला नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं, त्याचे पांढरे डाग काळ्या टाइलवर रांगोळीसारखे उठून दिसतात.

इतकं सगळं झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "आजी, टाइल म्हणजे साडी. टिकणार ते खालचं." बोलणं तोलून घ्यावं असं होतं. फोडल्यावर आतला कोबा ओला निघाला. मग नवीन वॉटरप्रूफिंग केलं आणि टाइल बसवण्याआधी जाळीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना रोज विचारत होते, "छताला ओल दिसते का हो?" नाही आली. उतार फुटाला दोन सूत दिला, म्हणजे पाव इंच. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून ती नुसत्या सिमेंटच्या रबडीला नीट धरतही नाही. तिला चिकटवायचा वेगळा मसाला येतो. सुकल्यावर प्रत्येक टाइलवर लाकडाने टकटक करून पाहिलं. दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, त्या मिस्त्रींनी न कुरकुरता काढून पुन्हा बसवल्या.

एक गंमत सांगते. पाणी जायच्या जाळीखाली जो भाग बसवतात त्याला हे सगळे लोक 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. सामानाच्या यादीतसुद्धा तसंच लिहून आलं होतं. आपण न्हाणी हा शब्द टाकून देऊन बाथरूम म्हणू लागलो आणि प्लंबरने तो इमानाने सांभाळून ठेवला आहे! मला त्या यादीचा मुका घ्यावासा वाटला. आमच्या जुन्या वाड्यातली न्हाणी आठवली. शहाबादी फरशी, बंब, घंगाळ, पाय घासायला वज्री. खडबडीत फरशीवर पाय घट्ट रोवायचा. वरती मॅट फिनिश असं लिहिलेलं नव्हतं, इतकाच काय तो फरक.

खरी लढाई झाली ती आधाराच्या दांड्यांवरून. "घराचं हॉस्पिटल करायचं नाही," हे म्हणाले. आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. देखणेपणा ही फक्त तरुणांची हौस नसते. आपण आजारी आहोत असं भिंतीनेही रोज सकाळी सांगू नये, असं वाटण्यात गैर काय? शेवटी नळांच्याच रंगाच्या, टॉवेल टांगायच्या वाटाव्यात अशा दोन मजबूत दांड्या आणल्या. त्या टाइलला नव्हे, आतल्या विटांच्या भिंतीला धरतात. म्हणून जागा टाइल लावायच्या आधीच ठरवल्या, हे उभे राहिल्यावर हात सहज जिथे जातो तिथे. साध्या टॉवेलच्या दांडीला कधी लटकू नये, ती माणसाचं वजन पेलत नाही. दाराचा उंबरा काढून तिथे हलकासा उतार दिला. आणि दार आता बाहेर उघडतं, म्हणजे आत कुणी पडलं तरी दार अडत नाही.

त्या दाराला सूनबाईने स्वतः शोधून कडी आणली. आतून लागते, पण बाहेरच्या बाजूला एक खाच आहे. अडचणीच्या वेळी त्यात रुपयाचं नाणं घालून फिरवलं की उघडते. आख्ख्या बाथरूममधली ती सर्वात स्वस्त वस्तू असेल.

तुमच्यापैकी कुणी काम काढणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. टाइल्स दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा शेड नंबर एकच आहे ना ते पाहा. पुढच्या वर्षी तीच टाइल मिळेल याची खात्री नसते. आमची चार खोकी आली, चाळीस टाइल्स. उरलेल्या माळ्यावर ठेवल्या आहेत. आणि साफसफाईला अॅसिड वापरू नका, ते सिमेंटचे सांधे खाऊन टाकतं.

पहिले चार दिवस यांनी सवयीने दार लोटूनच घेतलं. पाचव्या दिवशी कडीचा आवाज आला. टाइल कितीही चांगली असली तरी ती हमी देत नाही, हे मला ठाऊक आहे. पाय आपला, वय आपलं. म्हणून मी स्वयंपाकघरात एक कान तिकडे ठेवूनच पोळ्या लाटते आणि ओट्यावर डब्याखाली एक रुपयाचं नाणं ठेवलेलं असतं. हे त्यांना माहीत नव्हतं. आता हा लेख वाचल्यावर कळेल.