डिस्चार्ज कार्ड कोणासाठी लिहितात?

आमच्या वस्तीतल्या नऊ वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्स फुटलं, ऑपरेशन झालं. टाके निघाले, पोरगं शाळेत जाऊ लागलं. पाच महिन्यांनी एका रात्री पोटात कळा सुरू झाल्या. आईने ओवा-हिंगाचं पाणी पाजलं, शेजारणीने दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा पोट फुगलेलं, उलटी हिरवी, शौच नाही, वाराही सरत नव्हता. तरी आम्ही पदवीधर कार्यकर्त्यांनी विचारलं काय? "बाहेरचं काही खाल्लं का?"

108 बोलावून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे कळलं, पोटाच्या ऑपरेशननंतर आतल्या जखमा भरताना दोऱ्यांसारखे पट्टे तयार होऊ शकतात. आतडी त्यांना चिकटतात, कधी त्यात अडकतात. हे काही महिन्यांनी होतं, तसं वर्षांनंतरही होतं. तोंडाने खाणंपिणं बंद, नाकातून पोटात नळी, सलाईन. काही मुलांचं एवढ्यावर सुटतं. याचं सुटलं नाही, पुन्हा पोट उघडावं लागलं. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते सडतं. पोरगं थोडक्यात वाचलं.

वॉर्डात एक जण त्या आईला म्हणाला, "तुम्ही लोक अंगारेधुपारे करत बसता आणि उशिरा येता."

अंगारेधुपाऱ्यांना आमचाही विरोध आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत आपण. पण पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आम्ही काढून पाहिलं. सगळं इंग्रजीत. गोळ्या आणि टाक्यांची तारीख, बस्स. हिरव्या उलटीबद्दल एक अक्षर नाही. तोंडीही कोणी सांगितलं नव्हतं. ज्ञान स्वतःकडे ठेवायचं आणि ज्याला दिलं नाही त्यालाच अडाणी म्हणायचं, ही रीत आपल्याला नवी आहे का?

आमची मागणी साधी आहे. पोटाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर मराठीत लिहा आणि पालकांना वाचून दाखवा: हिरवी उलटी, फुगलेलं पोट, थांबून थांबून येणाऱ्या कळा, शौच-वारा बंद. यातलं काही दिसलं तर खायला-प्यायला देऊ नका, जुलाब देऊ नका, ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या, जुनं ऑपरेशन झाल्याचं आधी सांगा.

ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. तोवर दर रविवारी वंदनेनंतर विहारात हे आम्ही सांगतो आहोत. तुमच्या विहारातही सांगा. त्या आईला विचारायचा प्रश्न "उशीर का केला?" हा नव्हताच. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?" हा होता. आणि तो आम्हीही विचारला नव्हता.

जय भीम!