चितार आळीतली दोरी

सावंतवाडीला गेलेला माणूस आधी मोती तलावाच्या काठी रेंगाळतो आणि मग चितार आळीत शिरतो. मीही तेच केले. फक्त माझ्या पिशवीत एक पटाशी होती. वडील सुतार. ते गेल्यावर हत्यारांची पेटी माझ्याकडे आली, आणि जन्मभर कारकुनी केलेल्या हाताला तिचा काय उपयोग? निदान ही पटाशी यंत्राच्या नादी न लागलेल्या एखाद्या जुन्या कारागिराला द्यावी, असे मनात होते.

दुकानोदुकानी लाकडी केळी, आंबे, मिरच्या मांडलेल्या. एका दुकानाच्या मागल्या पडवीतून मात्र घरघर ऐकू आली. विजेचा चरक! माझा चेहरा उतरला असावा. कारागीर साठीच्या पुढचे. मी विचारले, "पूर्वी दोरीने फिरवत ना?"

"फिरवत तर! बापूस कामाक बसलो काय दोरी ओढूक मीच. चौथीची शाळा थयच रवली. तुमका ती दोरी बरी दिसता!"

मी वरमलो. चरकाच्या दांड्याला दोरीचे वेढे घालून दोन्ही टोके आळीपाळीने ओढायची. लाकूड एकदा इकडे फिरणार, एकदा तिकडे. आपल्याकडे फिरेल तेवढ्यातच हत्यार टेकवायचे, उलटे फिरताना उचलायचे. निम्मे ओढणे फुकट, आणि त्यासाठी घरातल्या पोराचे दंड! आता खटका दाबला की लाकूड एकाच दिशेने फिरत राहते. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली, की घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळून रंग चढतो.

"मग हाताचे काम संपलेच म्हणायचे?"

त्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तुकडा माझ्यापुढे टाकला. "ह्येचा केळा करून दाखवा चरकार."

खरेच की! चरकाला गोल तेवढे कळते. भोवरा होईल, लाटणे होईल. पण केळ्याचा बाक, आंब्याची चोच, काजूच्या बोंडाखाली लोंबणारी बी? ते सगळे हातानेच कोरायचे.

एवढ्यात नातू शाळेतून आला, दप्तर फेकून तलावाकडे पळाला. त्याला कुणी हाक मारली नाही.

मी पटाशी काढून दिली. त्यांनी धार अंगठ्याच्या नखावर पाहिली, तुकडा पायात धरला आणि दोन ढलपे काढले.

"लोखंड बरा आसा," ते म्हणाले. "मूठ मात्र बदलूक व्हयी."